बायकांच्या बाजूचा खेळ

लोणावळ्यात पूर्वी एकच चित्रपट एकाच वेळी दोन तऱ्हांनी दाखवला जायचा, असं आता कुणाला सांगितलं तर लोक हसतात. पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि खरं म्हणजे कानांनी ऐकलंय. तंबू एक, चित्रं तीच, मधे एक जाड कापडाचा आडपडदा. त्याच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. बोलपट अजून यायचे होते. पडद्यावरची माणसं नुसती ओठ हलवायची, मग काळ्यावर पांढरी अक्षरं उमटायची, आणि ती वाचता येणारी माणसं तंबूत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून वाचून सांगणारं कुणीतरी लागे. पुरुषांच्या बाजूला तंबूचे मालक तात्या स्वतः सांगत. बायकांच्या बाजूला आमच्या अंबूबाई.

वाचून सांगणं हे आपलं म्हणायला. अक्षरं ओळभर असत आणि सांगणं घटकाभर चाले. तात्यांच्या बाजूला नायक रागावून घर सोडायचा, तर आमच्या बाजूला तोच नायक लाजून घर सोडायचा. बाजाराच्या दिवशी खेळ बघून निघालेली नवराबायको गाव येईपर्यंत भांडत असत. औंढ्याच्या वाटेवर एका गाडीवानानं बैल थांबवून मला विचारलं होतं, की तो राजा शेवटी मेला का संन्यासी झाला ते एकदा सांगा, हिच्यापुढं माझी अब्रू चाललीय. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. मला बाईंच्या हाताखाली नोकरी करायची होती.

मी तळेगावची. ट्रेनिंग पुरं करून लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. शाळेत शिक्षिका दोनच, म्हणजे अंबूबाई मुख्य आणि मी बाकी सगळं. राहायलाही त्यांच्याकडेच होते, रेल्वेच्या चाळींच्या पलीकडं दोन खोल्यांत. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं. पुढं वडलांनी लोकांचं ऐकून घेतलं आणि मुलीला शिकवलं. त्यांच्या आयुष्याबद्दल मला एवढंच ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मनातलं सगळं सांगणाऱ्या बाई स्वतःच्या मनाबद्दल चकार शब्द काढत नसत, आणि विचारायचं माझं वय नव्हतं.

ठेंगणी मूर्ती, रुंद हाड, अंगावर गर्द रंगाचं लुगडं आणि काखेत छत्री. लोणावळ्याच्या पावसात छत्रीचा काय उपयोग? तिथं इरलं पाहिजे. पण बाईंना छत्री रोखायला लागे, फळ्यावर, मुलींवर, कधी कधी शाळा तपासायला आलेल्या साहेबावरही. चहा त्यांना उकळता लागायचा, आणि पिऊन झाल्यावर तळाशी राहिलेली साखर त्या बोटानं निपटून खायच्या. मी बघत्येय हे कळलं तर जरा जास्तच सावकाश खायच्या.

आणि त्यांचं ते ‘का’. गोष्ट सांगून झाली, की छत्रीचं टोक एका मुलीकडं वळायचं. तो असं का वागला? दुष्ट होता म्हणून, असं उत्तर आलं की बाई चिडत. दुष्ट हे कारण नव्हे, ते आपल्या आळसाचं नाव आहे, असं म्हणत. “कारण असतंच. आपल्याला दिसलं नाही, तर आपण कमी बघितलं.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की अजून मनात येतं ते त्यांच्याच आवाजात.

एकदा दुसरीतल्या एका पोरीनं शेजारणीची पाटी आपटून फोडली. चांगल्या मैत्रिणी होत्या दोघी. मी छडी घेऊनच उठले, तर बाईंनी मला बसवलं आणि त्या पोरीला व्हरांड्यात घेऊन गेल्या. अर्धा तास काहीतरी बोलत बसल्या. परत आल्यावर कुणालाच शिक्षा नाही. नवी पाटी येईपर्यंत दोघींनी एका पाटीवर लिहायचं, एवढंच फर्मान. मी कुरकुरले, तेव्हा म्हणाल्या, “तेच तर हवं होतं तिला. पाटी एक झाली की जवळ बसावं लागतं.” मला ते पटलं नाही. पण पुढच्या पंधरा दिवसांत त्या पोरीचं अक्षर सुधारलं, हे मात्र खरं.

बाईंना कशाचंही कारण विचारावं. दारची मांजर पिलं घेऊन चारदा घर का बदलते, मालगाडीचा ड्रायव्हर चाळीपाशी आल्यावर उगाच दोनदा शिट्टी का देतो, उत्तर तयार असायचं. ‘मला माहीत नाही’ असं त्या म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. एकदा त्यांची गंमत करायची म्हणून मी मुद्दाम न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगितली. पोस्टमनची बायको भर बाजारात नवऱ्याला पाठ फिरवून उभी होती, असं काहीतरी. बाईंनी तिचंही कारण दिलं, चांगलं तपशीलवार. मी हसू दाबत होते. मग त्या म्हणाल्या, “आणि तू हे खोटं का सांगितलंस, त्याचंही कारण सांगू?” मी नको म्हटलं.

भातं झोडून झाली, माणसं जरा मोकळी झाली, की तात्यांचा तंबू बाजारापलीकडच्या माळावर पडे. बाई पहिल्या दिवशी दुपारी कनात बंद करून सगळी चित्रं एकदा बघून घेत. मग दिवेलागणीच्या खेळाला बायकांच्या पुढं स्टुलावर बसत, पडद्याकडं अर्धी पाठ करून. पडद्याकडं बघायची त्यांना गरज नव्हती. त्या बायकांकडं बघत. आवाज चढवत नसत. तात्या पलीकडं ओरडत असायचे आणि बाईंचं हळू बोलणं शेवटच्या रांगेत पोचायचं. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, नव्या सुना, सगळ्या पुढं सरकून ऐकायच्या. मी दारापाशी उभी असे. त्या उजेडात दिसणारी बाईंची मान आणि खाली टेकलेलं छत्रीचं टोक मला अजून दिसतं, आणि आज ते चित्रपटातल्या कुठल्याही चित्रापेक्षा जास्त बघावंसं वाटतं.

त्या वर्षी तात्यांनी देवादिकांऐवजी एक घरगुती चित्र आणलं. नाव मी मुद्दाम सांगत नाही. मोठं घर, दोन जावा. थोरलीला मूलबाळ नाही, धाकटीला एक गोड मुलगा. थोरलीचा त्याच्यावर जीव. आणि तीच थोरली चोरून, एका डबीतली पूड त्याच्या दुधात कालवते. मुलगा अंथरुणाला खिळतो, वैद्य येतात, ती उशाशी बसून राहते. शेवटी पकडली जाते आणि भर पावसात घराबाहेर पडते.

चित्राची सहा रिळं होती आणि चौथ्याचा डबा रिकामा आला होता. आधीच्या मुक्कामी जळालं म्हणे. तिसऱ्या रिळात ती मुलाला घोडा घोडा करते आणि पाचव्यात पूड कालवते. ती असं का करते, ते नेमकं चौथ्यात. तात्यांना काहीच अडचण पडली नाही. त्यांनी पुरुषांना इस्टेट सांगितली, आणि पुरुषांना ती लगेच पटली.

बाईंनी दुपारी पाचवं रीळ दोनदा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी एका जागी मान खाली घातली, ते मी पाहिलं. मग संध्याकाळी स्टुलावर बसून त्यांनी मत्सर सांगितला. धाकटीची भरली कूस हिच्या डोळ्यांत सलत होती, जीव लावायचं नुसतं सोंग होतं, वगैरे. आणि दूध कालवायच्या चित्राशी आल्यावर आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, “जिची कूस उजवत नाही, तिच्या हातचं दूधही फिरतं.” तंबूभर एक लांब हुंकार उमटला. परत येताना वाटेत त्या वाक्याबद्दल मी बाईंचं कौतुक केलं. त्यांनी ते एकदा पुन्हा म्हणून बघितलं. आम्हांला दोघींनाही ते आवडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

खेळ पंधरा दिवस चालला. बाजाराला आलेल्या बायका ते वाक्य घेऊन गावोगावी गेल्या. जात्यावर म्हणायला सोपं होतं ते.

आमच्याकडं दुधाचा रतीब औंढ्याच्या कृष्णेचा होता. पंचविशीची, सडसडीत, बोलायला मोकळी. डोक्यावर दुधाची चरवी आणि कमरेवर ठकी. ठकी तिच्या सवतीची. ठकीला जन्म देऊन ती बिचारी गेली, आणि दोन महिन्यांच्या पोरीसाठी म्हणून कृष्णेला करून आणली. तिला स्वतःला चार वर्षांत मूल झालं नाही. ठकी तिला आये म्हणायची, आणि दुसऱ्या कुणाकडं म्हणून जात नसे. मी गुळाचा खडा दाखवला तरी हात पुढं यायचा, ठकी यायची नाही.

एके दिवशी दूध कृष्णेचा नवरा घेऊन आला. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कृष्णा शाळेच्या दाराशी उभी राहिली. कमर रिकामी होती. एवढ्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती, आणि काहीतरी बिनसलंय हे मला त्यावरूनच कळलं.

ती रडली नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. ठकीला एक दिवसाआड ताप भरत होता. सासूनं, धोंडाबाईनं, पोरीला देवीच्या अंगाऱ्यावर ठेवलेलं. सव्वा महिना दुसरं औषध पोटात जाऊ द्यायचं नाही असं बोलून बसलेली. कृष्णेनं इथल्या काष्ठौषधीच्या दुकानातून तापावरचं कडू किराईत नेलं आणि गूळ घालून दाराआड दुधातून पाजत होती. उतार पडायला लागला होता. शेजारणीनं ते फटीतून पाहिलं.

“तिनं तुमचाच बोल म्हनून दावला मला, बाई,” कृष्णा म्हणाली. “समद्या आळीनं म्हनला. माजी पोर काडून घेतली. हात लावू देत न्हाईत. ताप परत चडलाय, आन ती दाराकडं बगत पडती.”

बाई लगेच छत्री घेऊन उठल्या. मी आत्ता येते आणि सांगते की ते औषध होतं, असं म्हणाल्या. कृष्णेनं त्यांचा पदर धरला. औषधाचं नाव काढू नका म्हणाली. देवीचं मोडलं असं झालं तर नुसती पोर जाणार नाही, घरातूनच काढतील, आणि उद्या पोरीचं काही वाईट झालं तर ते कायमचं तिच्याच कपाळी.

ती गेल्यावर बाईंनी वर्ग मला घ्यायला लावला. घरी आल्यावर चहा केला, तो पुढ्यात निवला. रात्रीच्या जेवणाला त्या बसल्या नाहीत. मी समजूत घालायला गेले, की तुम्ही काय मुद्दाम केलंत, चित्रातल्या बाईबद्दल बोललात. त्या म्हणाल्या, चित्रातल्या बाईला माझ्या बोलण्यानं काय फरक पडतो?

दुसऱ्या दिवशी आम्ही औंढ्याला गेलो. धोंडाबाई वाईट बाई नव्हती. एक सून गेलेली, एकच नात, ती रोज वाळत चाललेली. भ्यालेली होती बिचारी. तिनं आम्हांला घोंगडी घालून बसवलं. बाईंनी सांगून पाहिलं, की तो खेळ होता, ते चित्र खोटं.

“चित्र खोटं आसंल,” धोंडाबाई म्हणाली, “पर बाया खऱ्या आसत्यात. आन तुमीच म्हनला न्हवं? तुमी शिकल्याल्या, बगून सांगता. तुमी उगं कशाला सांगशीला?”

आतल्या खोलीत ठकी गोधडीवर पडली होती, डोळे उघडे. परसात कुणीतरी शेण थापत होतं, आणि त्या हातांचा आवाज आला की ती मान वळवायची. ती कृष्णा होती. बाई थोडा वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. मग धोंडाबाईला एवढंच म्हणाल्या, की उद्या शेवटचा खेळ आहे. तुम्ही माझ्या पाहुण्या म्हणून या, आळीतल्या बायकांनाही आणा. मास्तरीण आपण होऊन बोलावते म्हटल्यावर धोंडाबाईला नाही म्हणवेना.

शेवटच्या खेळाला बायकांची बाजू गच्च भरली. धोंडाबाईला बाईंनी अगदी पुढं बसवलं होतं. पहिली तीन रिळं बाईंनी नेहमीसारखी सांगितली. तात्यांकडं यंत्र एकच, म्हणून रीळ बदलताना बत्ती लावत. तिसरं संपलं, बत्ती लागली आणि बाई स्टुलावरून उठल्या. आडपडद्यापलीकडं तात्या इस्टेटीचं प्रास्ताविक करत होते.

बाईंनी आधी चौथं रीळ नसल्याचं सांगितलं. बायकांना ते नवीन होतं. “त्यात काय होतं ते मी पाहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हांला मत्सर सांगितला, तो माझ्या पदरचा. ते दुधाचं वाक्यही माझंच, कुठं लिहिलेलं नव्हतं. माझीसुद्धा कूस उजवली नाही. वीस वर्षं तुमच्या पोरी माझ्या हाताखाली आहेत, माझ्या हातचं पाणी पितात. एकीचं तरी वाईट झालं असेल तर आत्ता उभं राहून सांगा.”

कुणी उभं राहिलं नाही. मला वाटलं, संपलं. पण धोंडाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “मंग तिनं कशापायी कालवलं?”

ती भांडायला विचारत नव्हती. तिला खरंच हवं होतं ते. सगळ्याच बायका बाईंच्या तोंडाकडं बघत होत्या. मी दारापासून दोन पावलं पुढं आले.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

बत्ती गेली. पाचवं रीळ सुरू झालं आणि बाई स्टुलावर बसल्या त्या पुन्हा बोलल्याच नाहीत. बायकांच्या बाजूला फक्त यंत्राची घरघर होती. पडद्यावरची बाई डबी उघडत होती, पूड घालत होती, चमचा फिरवत होती, आणि ती का, हे आम्हांला कुणी सांगत नव्हतं. सांगणारं नसलं म्हणजे माणूस चेहऱ्याकडं किती बघतो! मागं कुणीतरी मुसमुसायला लागलं. कुणासाठी ते मला कळलं नाही. खेळ सुटल्यावर धोंडाबाई तडक बैलगाडीत जाऊन बसली.

आम्ही रुळांच्या कडेकडेनं घरी चाललो होतो. मी धीर करून विचारलं, की बाई, तुम्हांला खरंच कारण दिसलं नाही?

“पहिल्या दिवशीच दिसलं,” त्या म्हणाल्या. “पूड घातल्यावर पुढं बघ. तो पोरगा तिच्या मांडीवर झोपलाय, आणि ती सुखात आहे. मारायचं नव्हतं तिला. धडधाकट मूल आईकडं पळतं गं. आजारी मूल मांडी कुणाची ते बघत नाही.”

मला चालता चालता थांबावंसं वाटलं. मग तंबूत हेच का नाही सांगितलंत, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. हे सांगितलं असतं तर कृष्णेला तिची पोर कधीच परत मिळाली नसती, म्हणाल्या. मत्सर परवडला, त्याच्यावर निदान वाद घालता येतो.

“आणि आधी मत्सर का सांगितलात?”

“तो सोपा होता,” बाई म्हणाल्या, आणि छत्री काखेत घेऊन पुढं चालू लागल्या.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आदल्या पावसाळ्यात मला ताप आला होता, नऊ दिवस. बाईंनी शाळा सांभाळून माझं सगळं केलं. कपाळावर घड्या ठेवल्या, मऊ भात भरवला, केस विंचरून दिले, आणि कधी नाही त्या गुणगुणल्यासुद्धा. दहाव्या दिवशी मी आपली आपण उठून चहा केला. बाई उठल्या, माझ्या हातात कप बघितला आणि म्हणाल्या, “उठलीस होय.” मग माझी वळकटी त्यांनी गुंडाळून ठेवली आणि दिवसभर माझ्याशी तिरसटपणानं वागल्या. मला तेव्हा वाटलं होतं, नऊ दिवसांचा शीण असेल. ते नऊ दिवस मला आज हवे आहेत. घरात माणसांची कमी नाही, तापही येतात, पण तसा हात पुन्हा कपाळाला लागला नाही.

चार दिवसांनी सकाळी दारात चरवी वाजली. कृष्णा होती आणि कमरेवर ठकी, तोंड सुकलेलं पण डोळे टवटवीत. धोंडाबाईनं आदल्या दिवशी पोर तिच्या ओटीत टाकली होती. “म्हनली, मास्तरणीला ठावं न्हाई, ती मला कुटनं ठावं आसनार? घे तुजी पोर,” कृष्णा हसत सांगत होती. किराईत पुन्हा सुरू झालं. या खेपेला धोंडाबाईला दिसलं असेलही, पण तिनं पाहिलं नाही.

मी बाईंना हाक मारली. त्या बाहेर आल्या, ठकीकडं पाहिलं, बरं झालं म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या.

नंतर तसंच होत गेलं. तंबूत त्या पुन्हा गेल्या नाहीत. तात्यांनी दोनदा माणूस पाठवला, मग बायकांनाही इस्टेटीवर भागवावं लागलं. शाळेतलं ‘का’ कमी झालं. आणि गंमत अशी, की कुणाकडं न जाणारी ठकी आताशा आमच्या दारात आली की आतल्या खोलीकडं बघून हात पसरायची. कशानं कुणास ठाऊक! मूलच ते. तर बाई नेमक्या दुधाच्या वेळेला आत, आणि दार लोटलेलं. एकदा मी रागावलेच. पोर तुमच्यासाठी हात पसरते आणि तुम्ही लपून बसता, हे काय? बाई लुगड्याच्या निऱ्या ठीक करत होत्या. म्हणाल्या, “रोज घेतली की सवय लागते. सवय लागली की माणूस काय करील, ते मला दिसतं.”

त्या उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली. बारामतीच्या बाजूला कुठंतरी. मी पुष्कळ रडले, भांडलेही. त्यांनी मला मुख्य शिक्षिकेच्या किल्ल्या दिल्या आणि फळ्यावर अक्षर मोठं काढत जा म्हणून सांगितलं. पत्रं दोनतीन आली, कामापुरती. नंतर तीही थांबली. त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. पुढं बोलपट आले, माणसं पडद्यावर आपली आपण बोलायला लागली, वाटेल तेवढी बोलायला लागली. तरी एखाद्या चित्रात कुणी उगीच क्रूर वागलं की मी अजून अंधारात शेजारी वळते. बाई असत्या तर चित्र काढणाऱ्यांनी कमी बघितलं म्हणाल्या असत्या.

त्या गेल्या तो दिवस मात्र सांगायचा राहिला. घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला जरा जास्त थांबते, घाटात मागून रेटणारं इंजिन काढतात तेवढा वेळ. बाई बायकांच्या डब्यात खिडकीपाशी बसल्या होत्या. मी खाली. इतक्यात फलाटावरून कृष्णा धावत आली, ठकीला घेऊन. औंढ्यापासून पळत आली असावी, दम लागला होता. तिनं ठकीला तशीच वर उचलून खिडकीला लावली.

“दोन दिस कसर हुती हिच्या अंगात,” कृष्णा म्हणाली. “आज उतारलीया वाटतं. तुमी बगा की, बाई.”

कृष्णेनं पोरीला हात लावून बघायला असं, चारचौघांत, आपण होऊन सांगितलं. बाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं. मग खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि ठकीच्या कपाळावर ठेवला.

“गार आहे,” त्या म्हणाल्या. “अगदी गार आहे.”

घंटा झाली, शिट्टी झाली. मी हात हलवायला लागले. बाईंचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. गाडी हलली, आणि कृष्णा ठकीला तशीच उंच धरून गाडीबरोबर चालायला लागली. आधी चालत, मग भरभर, मग पळत. हमालानं ओरडून पाहिलं. फलाट संपला तिथं ती थांबली.

परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. पोरीला खाली उतरवायलाही सुधरत नव्हतं. मी तिच्यावरच राग काढला. इतकं लांब कशाला पळायचं, पोरीसकट रुळावर पडली असतीस म्हणजे?

“मी कशी थांबू, धाकट्या बाई?” कृष्णा म्हणाली. “त्यांनी हिच्या कपाळावरनं हात उचलला न्हवता.”